सततचा थकवा, धाप, चक्कर: ‘अंगात रक्त कमी’ म्हणजे नेमकं काय?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पूर्वेला नारायणगाव-मंचरचा टोमॅटो, कांद्याचा बागायती पट्टा आहे, तर पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरकडचा आदिवासी डोंगरभाग. दोन्हीकडे शेतातली आणि घरातली बरीचशी कामं बायकाच करतात. त्यामुळे थकवा आला की ‘काम जास्त झालं’ म्हणून विषय संपतो. पण या थकव्यामागे ॲनिमिया, म्हणजेच रक्तक्षय असू शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होतं.

कसं ओळखायचं?

चढ चढताना धाप लागणं, चक्कर, छातीत धडधड, फिकट डोळे आणि नखं ही लक्षणं. मात्र खात्री होते ती हिमोग्लोबिनच्या तपासणीनेच. ते १२ पेक्षा कमी असेल तर ॲनिमिया. गरोदरपणात ही मर्यादा ११ आहे. ८ च्या खाली, आणि गरोदरपणात ७ च्या खाली गेलं, तर तातडीने रुग्णालय गाठावं.

रक्त कमी का होतं?

आहारात लोह कमी, पोटात जंत, लागोपाठची बाळंतपणं ही नेहमीची कारणं. पाळीतला जास्त रक्तस्राव हे आणखी एक मोठं कारण, पण त्याबद्दल बोललं जात नाही. पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, गाठी पडत असतील किंवा तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. गर्भाशयात गाठ आहे का, हे सोनोग्राफीत कळतं. कारण तसंच राहिलं, तर गोळ्यांनी वाढलेलं रक्त पुन्हा कमी होतं.

उपचार काय?

लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. डोस डॉक्टर ठरवतात. आठवडाभरात बरं वाटलं म्हणून थांबू नका. साधारण तीन महिने लागतात. शौचाला काळं होणं, थोडी मळमळ हे सामान्य आहे. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू, आवळ्याने मदत होते. बाजरी, कडधान्यं, पालेभाज्या, अंडी, मटण खावं, पण ॲनिमिया झाल्यावर फक्त आहार पुरत नाही.

महिनाभर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढलं नाही, तर बी-१२ ची कमतरता किंवा सिकलसेलची तपासणी करावी लागते.

जायचं कुठे?

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गरोदर महिलांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला खास तपासणी असते. काही अडलं तर गावातल्या आशाताईंना विचारा.

घरातली बाई सतत दमत असेल, तर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.