वाऱ्यावर नाक

रस्त्यावरचे एखादे कुत्रे खाणे हुडकत असते, तेव्हा त्याच्याकडे नीट लक्ष देऊन पाहा. त्याचे नाक बहुधा जमिनीला लागलेले असते. वास जिथे पडला आहे, तिथून तो माग काढीत ते पुढे सरकते. पण कुत्र्यांची एक जात अशी आहे, की ती मान उंच ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून भरधाव धावते आणि झुडपात दडलेला पक्षी डोळ्यांना न दिसताच हेरते. हेरला, की भुंकत नाही, झडपही घालीत नाही. आहे त्या जागी पुतळ्यासारखी उभी राहते. नाक पक्ष्याच्या दिशेला, शेपूट पाठीच्या रेषेत ताठ, आणि पुष्कळदा पुढचा एक पाय अर्धवट उचललेला! अशी दिशा दाखविण्यावरूनच या जातीला ‘पॉइंटर’ हे नाव पडले. आपल्याकडचा कारवान, म्हणजेच मुधोळचा कुत्रा, नजरेने शिकार हेरतो आणि वेगाने गाठतो. पॉइंटरचा सारा कारभार नाकाचा.

माझे एक मामेभाऊ उत्तर इंग्लंडमध्ये डॉक्टर आहेत. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. २०१८ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर त्यांच्याकडे राहिलो होतो. त्यांच्या घरी पाच वर्षांची एक पॉइंटर कुत्री होती. पांढरीशुभ्र, कानांवर आणि पाठीवर लिंबासारखे फिकट पिवळे डाग. नोंदणीच्या कागदावर तिचे नाव लांबलचक इंग्रजी होते. घरात मात्र ती जुई. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे मराठी हुकूम ती चोख पाळी. माळावर गेल्यावर मात्र सारे हुकूम शिट्टीचे.

जुईला दोन मालक होते असे म्हटले तरी चालेल. दादा तिला माळावर नेत, वहिनी तिला प्रदर्शनात नेत. आणि जुईचे वजन किती असावे, यावर रोज जेवणाच्या टेबलावर वाद होई. माळावर धावणारे कुत्रे सडपातळ हवे, तर प्रदर्शनाच्या रिंगणात अंग जरा भरलेले हवे, असे वहिनींचे म्हणणे.

हा वाद त्या घरापुरता नाही. १८५९ सालच्या जून महिन्यात न्यूकॅसल येथे जे श्वानप्रदर्शन भरले, ते आजच्या पद्धतीचे पहिले प्रदर्शन मानले जाते. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचीच कुत्री होती, एकूण साठ. आणि बक्षिसे म्हणून बंदुका दिल्या गेल्या! म्हणजे रूप पाहायचे ते काम करणाऱ्या कुत्र्याचे, हे तेव्हा गृहीतच होते. पुढे रूपासाठी वेगळी पैदास आणि कामासाठी वेगळी, अशा दोन वाटा झाल्या. ब्रिटनमध्ये आजही एक चांगला नियम आहे. वेगवेगळ्या तीन परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रे मिळविणारा पॉइंटर फक्त ‘शो चॅम्पियन’ होतो. नुसते ‘चॅम्पियन’ म्हणवून घ्यायचे असेल, तर माळावर काम करूनही दाखवावे लागते. मला हा नियम फार पटला. भौतिकीच्या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक असते, तसेच हे.

आता माळावर जाऊ. तिकडच्या उंच माळांवर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप दाट वाढते, आणि त्यात रेड ग्राउझ नावाचा, आपल्या तित्तिराच्या नात्यातला पक्षी राहतो. याची शिकार १२ ऑगस्टपासून सुरू होते. त्याआधी जुलैमध्ये पॉइंटर आणि सेटर घेऊन पक्ष्यांची मोजणी करतात. बंदूक नाही, वही, पेन्सिल आणि कुत्रा. मोठ्या पक्ष्यांच्या मानाने पिल्ले किती, हे पाहून त्या वर्षी शिकार करायची की नाही, केली तर किती, हे ठरते. दादांबरोबर अशा एका मोजणीला मी गेलो होतो.

पहाटे पाचला आम्ही माळावर होतो. जुई वाऱ्याच्या समोर, पण सरळ नव्हे, तर डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे, अशी नागमोडी धावत होती. अचानक तिने मान वळविली, वेग मोडला, चार पावले मांजरासारखी टाकली आणि ती थिजली. आम्ही जवळ गेलो तरी तिने डोळाही हलविला नाही. दादांनी हळू आवाजात हुकूम दिला, तशी ती पाऊल पाऊल पुढे सरली, आणि सुमारे वीस मीटर अंतरावरून नर, मादी आणि दोनच पिल्ले फडफडत उडाली. जुई खाली बसली. उडालेल्या पक्ष्यामागे धावायचे नाही, हा तिच्या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा. गंमत पाहा, ग्राउझदेखील धोका जाणवला की आधी उडत नाही, रंगाच्या आधाराने निपचित बसून राहतो. म्हणजे झुडपाच्या दोन्ही बाजूंना दोन जीव पुतळे होऊन एकमेकांची वाट पाहत असतात!

वीस मीटरवरचा वास तिच्या नाकापर्यंत आला कसा? ‘विसरणाने’, असे तुम्ही चटकन म्हणाल. अत्तराची कुपी उघडली की वास विसरणाने वर्गभर पसरतो, असे सांगितलेच जाते. जरा गणित करू. स्थिर हवेत वासाच्या रेणूंचा विसरण-गुणांक ढोबळमानाने दर सेकंदास ०.१ चौरस सेंटिमीटर धरा. अंतराच्या वर्गाला या गुणांकाच्या दुपटीने भागले, की लागणारा काळ साधारण कळतो. वीस मीटर म्हणजे २,००० सेंटिमीटर; त्याचा वर्ग ४० लाख; भागिले ०.२. उत्तर येते दोन कोटी सेकंद, म्हणजे सुमारे २३० दिवस! तेवढ्यात पिल्ले मोठी होऊन उडूनही जातील. उलट, सेकंदाला दोन मीटर वेगाची मंद झुळूक तोच वास दहा सेकंदांत आणून पोहोचविते. तेव्हा वास आणतो तो वारा, आणि वर्गातले अत्तरही मुख्यतः हवेच्या झुळकांवरच फिरते.

पण वारा वास आणतो तो सरळ पट्ट्यात नव्हे. घरी एक उदबत्ती लावून पाहा. धुराची रेघ थोडे अंतर नीट वर जाते, मग तिला भोवरे पडतात, ती तुटते, तिचे धागे धागे होतात. पक्ष्याचा वासही असाच धाग्यांनी, तुटक तुटक येतो. एका श्वासात दाट, पुढच्या श्वासात काहीच नाही. हे विरळ धागे जास्तीत जास्त ठिकाणी छेदता यावेत, म्हणून वाऱ्याला आडवे धावणे उत्तम. जुईची नागमोडी धाव ही अशी हिशेबाची होती.

ऊन चढले तशी जुई चुकू लागली. त्या वर्षी तिकडे उन्हाळा फार कडक आणि कोरडा होता. जमीन तापली, की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि वासही वर नेऊन विरळ करते. शिवाय कुत्रे दमले की तोंडाने धापा टाकते. धापा टाकणे आणि हुंगणे एकाच वेळी नीट साधत नाही. दहाच्या सुमारास दादांनी काम थांबविले.

आता नाकाच्या आत डोकावू. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. पण केवळ संख्येवर भागत नाही. कुत्रे हुंगताना सेकंदाला सुमारे पाच वेळा श्वास आत ओढते. बाहेर टाकलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे आणि बाजूला जाते, त्यामुळे समोरून येणारा ताजा वास उधळला जात नाही. आत आलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसाकडे न जाता नाकाच्या मागच्या कप्प्यात शिरतो, आणि तिथे पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवर वासाच्या पेशी पसरलेल्या असतात.

धावताना मात्र अडचण आहे. श्वास सोडताना वास घेणे थांबले, तर तेवढे धागे निसटणार. १९९६ साली नॉर्वेतील संशोधकांनी शिकारी कुत्र्यांच्या नाकातील हवेचा प्रवाह मोजला, तेव्हा एक नवल आढळले. डोके उंच करून वाऱ्यासमोर शोध घेणाऱ्या कुत्र्याच्या नाकातून हवा सतत आतच जात होती, काही वेळा चाळीस सेकंदांपर्यंत! दरम्यान छाती नेहमीसारखी श्वास घेत होती आणि सोडत होती. हे कसे? उच्छ्वासाची हवा घशातून तोंडावाटे वेगाने बाहेर पडते. वेगवान प्रवाहाच्या ठिकाणी दाब कमी होतो, हे बर्नुलीचे तत्त्व तुम्ही शिकला असाल. तो कमी दाब नाकाच्या मागच्या टोकाशी पडतो आणि नाकातून नवी हवा आत ओढली जाते. डास मारण्याच्या औषधाचा जुना हातपंप असतो ना, त्यात हवेच्या झोताने नळीतून औषध वर येते, तशातलाच हा प्रकार. ‘बर्नुली’ फळ्यावर लिहिताना मी हल्ली हटकून जुईचे चित्र काढतो.

थिजून उभे राहणे जुईला कोणी शिकविले? कोणीच नाही. लांडगा किंवा मांजर झडपेपूर्वी क्षणभर दबा धरते. तोच क्षण माणसाने निवडक पैदाशीने लांबवीत नेला असावा. बंदुकीच्याही आधी, कुत्र्याने दाखविलेल्या पक्ष्यांवर जाळे टाकून ते पकडीत. त्या काळी उभा राहणारा कुत्रा जपला गेला, झडपणारा नाही. पॉइंटरची काही पिल्ले पहिल्यांदाच माळावर नेली असता दिशा दाखवितात, इतकेच नव्हे तर दुसरे कुत्रे थांबलेले पाहून आपणही थांबतात, हे डार्विनने आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात, स्वतः पाहिलेल्या उदाहरणाचा उल्लेख करून, नोंदविले आहे. २०१५ साली जर्मन संशोधकांनी दिशादर्शक आणि मेंढपाळी जातींच्या गुणसूत्रांची तुलना केली, तेव्हा बाविसाव्या गुणसूत्रावरील एका भागाकडे बोट गेले. तिथल्या दोन जनुकांचा या सवयीशी संबंध असू शकेल, इतकेच आज म्हणता येते.

माळावरून परतलो तेव्हा जुईच्या शेपटीचे टोक रक्ताळले होते. धावताना ती शेपूट सारखी दोन्हीकडे आपटते, आणि हेदरच्या काटक्या चाबकासारख्या लागतात. शनिवारी प्रदर्शन होते. वहिनी दादांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. “भावजी, निदान तुम्ही तरी अडवायचे होते,” असे मलाही ऐकावे लागले. रिंगणात जुई मात्र वहिनींच्या हाताखाली अशी निश्चल उभी राहिली, की परीक्षकाने दात पाहिले, खांदे चाचपले, पायांतली चाल पाहिली, तरी तिचे चित्त ढळले नाही. तिसरा क्रमांक मिळाला. शेपटीमुळे की आणखी कशामुळे, यावर घरात एकमत झाले नाही.

मोजणीचा निकाल आठवड्याने लागला. थंडीच्या शेवटी आलेले हिमवादळ आणि नंतरचा तो कोरडा उन्हाळा यांनी पिल्लांची दैना केली होती. बऱ्याच जोड्यांबरोबर एकही पिल्लू नव्हते. त्या माळाच्या मालकाने वर्षभराची शिकार रद्द केली. त्या साली ब्रिटनमधील पुष्कळ माळांवर असेच झाले. दादांची बंदूक कपाटातच राहिली, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले, त्या वातावरणात मी वाढलो. दादांना माझे म्हणणे पटत नसे. शिकारीच्या पैशावरच हे माळ राखले जातात, असे ते सांगत. नॉर्वेमध्ये स्वयंसेवक दरवर्षी ऑगस्टात अशाच कुत्र्यांसह रानकोंबड्यांच्या नात्यातले पक्षी मोजतात. ठरलेल्या सरळ रेषेपासून प्रत्येक पक्षी किती दूर सापडला हे लिहून ठेवतात. रेषेपासून दूर जावे तसे सापडणारे पक्षी कमी होतात. त्या घटीवरून न सापडलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

जुई २०२४ च्या हिवाळ्यात गेली. अखेरच्या वर्षी तिला ऐकू येत नव्हते, दिसतही कमी होते, आणि माळावर जाणे तर केव्हाच सुटले होते. पण परसात उन्हाला पडली असता वाऱ्याने दिशा बदलली, की ती लटपटत उठे आणि कुंपणाच्या एका कोपऱ्याकडे नाक करून उभी राही. पाय उचलणे तिला जमत नसे. शेपूट मात्र ताठ. वहिनी हळूच जाऊन पानांआड पाहत, तर तिथे ब्लॅकबर्डची मादी अंड्यांवर बसलेली असे.