ओल, गाळ आणि कणीहून बारीक कपॅसिटर

पोलादपूरच्या बाजारपेठेत, मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात, मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. भिंगाखाली ओढ्यात पडलेल्या फोनचा बोर्ड होता. दोन कपॅसिटरांच्या मधल्या जागेत नेच्याच्या पानासारखी राखाडी नक्षी पसरलेली. “घाण नाही ती,” कारागीर म्हणाला, “कथील उगवलंय. लाइन शॉर्ट झालीय.”

खरेच उगवले होते. ओल, तीत विरघळलेले क्षार आणि बॅटरीचा व्होल्टेज एकत्र आले की एका टोकाचा धातू विरघळतो, दुसऱ्या टोकावर साठतो आणि फांद्या फुटत मधली जागा ओलांडतो. जागा जितकी अरुंद, तितका हा पूल लवकर बांधला जातो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत सोल्डरच्या दोन टाक्यांमध्ये काही मिलिमीटर मोकळे असत. भिजलेल्या रेडिओला ऊन दाखवले की तो बहुधा पुन्हा बोलू लागे. आता ‘0201’ नावाचा कपॅसिटर 0.6 मिलिमीटर लांब आणि 0.3 मिलिमीटर रुंद असतो. तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीत असे आठ-दहा सहज बसतील.

एवढ्या मापाला रोजचे नियमच फिरतात. वजन निरुपयोगी होते आणि पृष्ठताण मालक बनतो. सोल्डर एका टोकाला आधी वितळले, तर त्याच्या ओढीने कपॅसिटर दुसऱ्या टोकाने उठून थेट उभा राहतो. कारखान्यातली ही नेहमीची डोकेदुखी आहे. बोर्ड किंचित वाकला तरी आतल्या सिरॅमिकला तडा जातो, तो वेगळाच.

पुण्यात पाषाणला सी-मेट ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. सिरॅमिकच्या कच्च्या पातळ पट्ट्यांवर चांदीच्या शाईने तारा छापायच्या, थरावर थर रचायचे आणि 900 अंशांच्या आसपास एकत्र भाजायचे, या तंत्रावर तिथे काम झाले आहे. भाजताना माल आक्रसतो, हे कुठलाही कुंभार सांगेल. पण इथे तो किती आक्रसेल हे आधीच नेमके ठाऊक असावे लागते. नाहीतर वरच्या थरातले जोडणीचे छिद्र खालच्या तारेवर येतच नाही. छोटे करण्यातली खरी मेहनत मला इथे दिसते.

चिपच्या पोटात तर गळतीच मुळावर आली. 1971 च्या इंटेल 4004 मध्ये सुमारे 2300 ट्रान्झिस्टर होते. पुढे ट्रान्झिस्टरचा विद्युतरोधक थर 1.2 नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच अणूंइतका पातळ झाला आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जाऊ लागले. कौले शाबूत आणि तरी घर गळते, तशी गत. 2007 मध्ये इंटेलने हाफ्नियमयुक्त रोधकाचा जाड थर वापरून ही गळती आवरली. आज जाहिरातीत दिसणारे ‘3 नॅनोमीटर’ हे पिढीचे नाव आहे, मोजलेले माप नव्हे.

जुलै 2021 मध्ये सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी पोलादपूरशेजारच्या महाडच्या घराघरांत शिरले. अशा पाण्यासोबत गाळ येतो, क्षार येतात. म्हणून आपल्या मुलखात या बारीक वस्तूंची दुरुस्ती ही चैन नाही. पोलादपूरच्या त्या कारागिराचे ज्ञान मी प्रयोगशाळेच्या पंक्तीला बसवतो.

फोन भिजला तर आधी बंद करा. चार्जिंगला लावू नका, चालतोय का म्हणून बटण दाबून पाहू नका. वीज वाहिली की कथील वाढू लागते. तांदळाच्या डब्यात पुरून क्षार निघत नाहीत. बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो, आणि तोही त्याच दिवशी.