नाणी किती आणि रुपये किती? शाब्दिक उदाहरणातला 'क्ष' समजावताना



आठवीच्या वर्गात 'एकचल समीकरणे' शिकवताना मी एकदा फळ्यावर हे उदाहरण दिलं होतं.

एका डब्यात २ रुपयांची आणि ५ रुपयांची मिळून ३० नाणी आहेत. त्यांची एकूण किंमत ९६ रुपये आहे. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?

वर्गातली एक मुलगी आठवडी बाजारात आईसोबत भाजीच्या दुकानावर बसते. सुट्टे पैसे तीच सांभाळते. तिने दोन मिनिटांत वहीत उत्तर लिहिलं, १८ आणि १२. समीकरण मात्र नव्हतं. कसं काढलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, सगळे दोनचेच धरले तं साठ होते. छत्तीस कमी पडले. एक दोनचा काढून पाचचा टाकला का तीन वाढते. मंग पाचचे बारा."

मी म्हणालो, "उत्तर बरोबर आहे, पण ही पद्धत नाही. क्ष मानून सोडव." पाचपैकी एक गुण दिला आणि पुढे गेलो. नंतरच्या चाचणीत तिने असं उदाहरण सोडवायलाच घेतलं नाही. जागा कोरी सोडली होती.

त्या कोऱ्या जागेने मला विचार करायला लावला. बाजारात ज्या लेकराचा हिशोब चुकत नाही, ते वर्गात नाण्यांच्याच उदाहरणाला का घाबरावं? बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेक शाळांमध्ये अशी मुलं आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

मुलं नेमकी कुठे अडतात?

वह्या तपासताना दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली चूक : क्ष + (३० − क्ष) = ९६
हे सोडवलं तर ३० = ९६ येतं! इथे नाण्यांची संख्या मोजली आणि ती रुपयांच्या बरोबर ठेवली.

दुसरी चूक : २क्ष + ५क्ष = ९६
म्हणजे ७क्ष = ९६. उत्तर अपूर्णांकात येतं. इथे दोन्ही प्रकारच्या नाण्यांसाठी एकच क्ष वापरला. दोन्ही नाणी सारखीच आहेत असं उदाहरणात कुठेही म्हटलेलं नाही.

दोन्ही चुकांचं मूळ पहिल्या ओळीत आहे. मुलं लिहितात, "क्ष = २ रुपयांची नाणी". मग क्ष म्हणजे नाणं, नाण्यांची संख्या की त्यांचे रुपये, हे त्यांनाच कळत नाही. म्हणून माझ्या वर्गात आता पहिली ओळ पूर्ण वाक्यातच लिहायची असते : "२ रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष मानू." 'संख्या' हा शब्द नसेल तर पुढचं तपासायचंच नाही, असा आमचा नियम आहे.

जितकी असतील तितकी

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती मिळते. त्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'च्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे : २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हटलं आहे. यावत्तावत् म्हणजे जितके तितके. थोडक्यात लिहिताना नुसतं 'या'.

मुलांना क्षचा अर्थ सांगायला मला यापेक्षा सोपा शब्द सापडलेला नाही. डबा उघडलेला नाही, आत दोनची नाणी किती आहेत ते माहीत नाही. पण जितकी असतील तितकी आहेतच ना? तेवढ्यांना क्ष म्हणू.

चला, आता उदाहरण सोडवू

फळ्यावर 'संख्या' आणि 'किंमत' असे दोन रकाने करा.

२ रुपयांची नाणी : संख्या क्ष, किंमत २क्ष रुपये
५ रुपयांची नाणी : संख्या (३० − क्ष), किंमत ५(३० − क्ष) रुपये
एकूण : संख्या ३०, किंमत ९६ रुपये

समीकरण फक्त किमतीच्या रकान्यातून मांडायचं, कारण ९६ हे रुपये आहेत.

२क्ष + ५(३० − क्ष) = ९६
२क्ष + १५० − ५क्ष = ९६
१५० − ३क्ष = ९६
३क्ष = ५४
क्ष = १८

म्हणून २ रुपयांची नाणी १८ आणि ५ रुपयांची नाणी ३० − १८ = १२.
पडताळा : ३६ + ६० = ९६ रुपये, आणि १८ + १२ = ३० नाणी. दोन्ही रकाने जुळले पाहिजेत.

त्या मुलीची पद्धत चूक होती का?

आता याच उदाहरणात ५ रुपयांच्या नाण्यांची संख्या य मानून पाहा.

२(३० − य) + ५य = ९६
६० + ३य = ९६
३य = ३६
य = १२

मधली ओळ पुन्हा वाचा. सगळी दोनची धरली तर ६०. एक बदललं की ३ वाढतात. एकूण ९६ पाहिजेत. ती मुलगी हेच तर सांगत होती! तिने तोंडी बीजगणितच केलं होतं आणि मी ते खोडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यापाशी बोलावून तिचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि प्रत्येक तुकड्याखाली चिन्हं लिहीत गेलो. "मंग हे तं माह्यंच हाय सर," ती म्हणाली. मी गुण दुरुस्त केले.

मग समीकरण शिकवायचं कशाला? हे मुलांनाही सांगायला हवं. हे उदाहरण पाहा.

एका गल्ल्यात २, ५ आणि १० रुपयांची मिळून १४० रुपयांची नाणी आहेत. ५ रुपयांची नाणी १० रुपयांच्या नाण्यांच्या दुप्पट आहेत. २ रुपयांची नाणी १० रुपयांच्या नाण्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?

इथे एक नाणं बदललं की बाकीची पण बदलतात, तोंडी हिशोब हातातून सुटतो. १० रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष मानली, तर ५ रुपयांची २क्ष आणि २ रुपयांची (क्ष + ४).

१०क्ष + ५ × २क्ष + २(क्ष + ४) = १४०
२२क्ष + ८ = १४०
क्ष = ६

म्हणजे १० रुपयांची ६, ५ रुपयांची १२ आणि २ रुपयांची १० नाणी. पडताळा : ६० + ६० + २० = १४०.

स्वतः उदाहरणं तयार करताना

आकडे मनाने टाकले तर उत्तर अपूर्णांकात येऊ शकतं, आणि अर्धं नाणं कुणाच्या खिशात नसतं. सोपा मार्ग म्हणजे नाणी आधी ठरवा आणि बेरीज नंतर काढा. बेरीज आधी घ्यायची असेल, तर सगळी लहान नाणी धरून येणारी रक्कम त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला दोन नाण्यांच्या फरकाने पूर्ण भाग जायला हवा आणि भागाकार एकूण नाण्यांपेक्षा मोठा नको. २ आणि ५ रुपयांची २० नाणी मिळून ७५ रुपये होतील का? ७५ − ४० = ३५, याला ३ ने भाग जात नाही. म्हणून असा डबा असूच शकत नाही. हाच प्रश्न मुलांनाही विचारून बघा, छान चर्चा होते.

जुन्या पुस्तकांत २५ आणि ५० पैशांची उदाहरणं असतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे आजच्या मुलांनी ती पाहिलेली नाहीत. अशी उदाहरणं देताना सगळी रक्कम आधी पैशांत करून घ्या. ५०क्ष पैशांत ४० रुपये मिसळले की गडबड झालीच. आजी-आजोबांना 'चार आणे', 'आठ आणे' विचारायला सांगा, घरी गप्पाही होतील.

पालकांसाठी

घरातली चिल्लर एका डब्यात टाका. नाणी किती आणि रुपये किती, एवढंच लेकराला सांगा आणि आत काय आहे ते ओळखू द्या. आधी त्याला त्याच्या पद्धतीने सांगू द्या, मध्येच थांबवू नका. त्याचं बोलणं पूर्ण झालं की तेच कागदावर क्ष घेऊन दोघं मिळून लिहा. शेवटी डबा उघडून मोजा. उत्तर बरोबर आलं का, हे डबाच सांगेल.