सलाईनची उघडी बाटली

तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातलं वाणियंबाडी हे चामड्याच्या व्यवसायासाठी ओळखलं जाणारं शहर. २०२२-२३ मध्ये त्या भागातले काही लोक मेंदूच्या एका गंभीर संसर्गाने आजारी पडले. ताप, डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, अंधुक दिसणं अशी सुरुवात व्हायची आणि थोड्याच दिवसांत रुग्ण अत्यवस्थ व्हायचा. निदान झालं न्यूरोमेलिऑइडोसिसचं. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूमुळे हा आजार होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसह काही संस्थांच्या संशोधकांनी अशा २१ रुग्णांचा माग काढला. त्यांतले १० जण एकाच दातांच्या दवाखान्यात उपचार घेऊन आलेले होते. त्या दहांपैकी आठ जण दगावले.

दवाखान्यात वापरात असलेल्या सलाईनच्या बाटलीत तो जिवाणू सापडला. हिरडी हाडापासून सोडवायला पेरिऑस्टिअल एलिव्हेटर नावाचं एक अवजार असतं. त्या दवाखान्यात त्याच अवजाराने बाटलीचं तोंड उघडलं जाई, मग बाटली सैलसर बंद करून पुढच्या रुग्णांसाठी पुन्हा वापरली जाई. २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

इथे ना कुठलं महागडं यंत्र बिघडलं होतं, ना शस्त्रक्रिया अवघड होती. प्रत्येक रुग्णासाठी नवी बाटली फोडायची, एवढा साधा नियम मोडला गेला होता. दातांच्या दवाखान्यातले बहुतेक धोके असेच रोजच्या सवयींत दडलेले असतात. म्हणूनच ते टाळताही येतात.

पहिला धोका अर्थातच संसर्गाचा. तोंडात जाणारं प्रत्येक अवजार लाळेच्या आणि बऱ्याचदा रक्ताच्या संपर्कात येतं. ते नुसतं उकळून भागत नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि किमान १५ मिनिटं. अवजारं बंद पाकिटात घालून आत ठेवतात. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला, की ते पाकीट यंत्रातून गेलं एवढंच कळतं. जंतू खरोखर मेले का, हे पाहायला चिवट बीजाणूंची चाचणी-पट्टी आत ठेवून नंतर तपासावी लागते. काटेकोर दवाखाने ही चाचणी ठरावीक काळाने करतात आणि तिची नोंद ठेवतात.

पाण्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ड्रिलमधून दातावर उडणारं पाणी खुर्चीतल्या अगदी बारीक नळ्यांतून येतं. रात्रभर ते तिथेच थांबतं आणि नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर धरतो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका महिलेचा लिजनेअर्स या फुप्फुसांच्या आजाराने मृत्यू झाला. त्या आजाराचा जिवाणू दातांच्या खुर्चीच्या पाण्यातून आल्याचं तपासात सिद्ध झालं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम शहरात दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या अनेक मुलांच्या जबड्यात अशाच दूषित पाण्यामुळे संसर्ग झाला. काहींचे पक्के दातही काढावे लागले. उपाय सोपा आहे. नळ्यांचं नियमित निर्जंतुकीकरण करायचं, प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्यायचं आणि शस्त्रक्रियेला निर्जंतुक सलाईनच वापरायचं.

दुसरा धोका चुकीचा दात काढला जाण्याचा. ऐकायला अविश्वसनीय वाटतं, पण जगभर हे घडतं. समोरून पाहणाऱ्याला रुग्णाची डावी बाजू उजवीकडे दिसते. भारतात रूढ असलेल्या दोन अंकी पद्धतीत खालची डावी पहिली दाढ ३६ आणि खालची उजवी ४६. चिठ्ठीवर एक आकडा चुकला की बाजूच बदलते. दात सरळ करण्यासाठी तार बसवण्याआधी काही वेळा चांगल्या उपदाढा काढाव्या लागतात. तिथे किडीची खूणही नसते, त्यामुळे सगळी भिस्त चिठ्ठीवरच असते.

यावर उत्तर आहे तपासयादीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी अशी यादी आणली. त्या कामाचं नेतृत्व केलं शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांनी, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. दातांच्या दवाखान्यात तिचं रूप आणखी साधं असू शकतं. भूल देण्याआधी डॉक्टर, सहायक आणि रुग्ण यांनी मिळून नाव, दात आणि बाजू मोठ्याने उच्चारायची, एक्सरेशी ताडून पाहायची आणि मगच सुई उचलायची. त्याला अर्धं मिनिट पुरतं.

तिसरा धोका अपुऱ्या माहितीचा. ‘दाताचंच तर काम आहे’ म्हणून रुग्ण बाकीचे आजार सांगत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दाढ काढताना रक्तस्राव वाढू शकतो. पण घाबरून त्या परस्पर बंद केल्या तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याचा धोका त्याहून मोठा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन घेणाऱ्या आजी ते ‘औषध’ म्हणून मोजतच नाहीत. दाढ काढल्यावर त्यांच्या जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही. मधुमेह, हृदयाची कृत्रिम झडप, पेनिसिलिनची अॅलर्जी, गरोदरपण हे सगळं सांगायलाच हवं.

मुलांच्या बाबतीत तर वजनही महत्त्वाचं. भुलेच्या लिग्नोकेनची एक रूढ मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरतात. १५ किलोच्या मुलाला त्या हिशेबाने ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे जेमतेम सव्वातीन मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या अंदाजाने सिरिंज भरली तर ही मर्यादा पटकन ओलांडली जाते. वजन न विचारता लहान मुलाला भूल देणं म्हणूनच अक्षम्य आहे.

संमतीचा मुद्दाही माहितीशीच जोडलेला आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की उपचार काय, धोके कोणते, पर्याय कोणते हे समजावून सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. कोऱ्या छापील कागदावर घाईघाईत घेतलेल्या सहीने ही अट पूर्ण होत नाही.

रुग्णांनीही थोडं धीट व्हायला हवं. पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. कोणता दात, कोणत्या बाजूचा, हे स्वतः सांगा. अवजारांचं पाकीट आणि सलाईनची बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. एक्सरे आणि उपचारांची नोंद मागून घ्या. नेकीने काम करणाऱ्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्यांना येईल, त्यांच्याकडून उपचार घ्यायचे की नाही, याचा विचार जरूर करा.