ॲप म्हणतं ‘तुम्ही तयार आहात’, पण पाय तयार आहे का? दुखापतीनंतर पळताना फोनचं किती ऐकायचं

भोरमध्ये पहाटे साडेपाचला बाहेर पडलात तर पळणारी पोरंपोरी दिसतातच. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी आर्मीसाठी. शेजारच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातही तेच. बहुतेकांकडे फोन असतो आणि फोनमध्ये एखादं रनिंग ॲप. यातल्या अनेकांची नडगी नाहीतर गुडघा कधी ना कधी दुखायला लागतो. मग प्रश्न येतो: किती थांबायचं आणि पुन्हा सुरू कधी करायचं?

मी स्वतः यात फसलोय. गेल्या पावसाळ्यात घरून काम चालू होतं, तेव्हा भाटघर धरणाच्या बाजूच्या रस्त्याने रोज पळायचो. ॲपवर सलग ४१ दिवसांची स्ट्रीक झाली होती. शेवटचे तीन-चार दिवस नडगीत एकाच जागी दुखत होतं, पण ॲप रोज हिरवा गोल दाखवत होतं. ४२व्या दिवशी लंगडत घरी आलो. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळणं बंद. रोज कोड लिहिणारा माणूस मी, पण तो हिरवा गोल नेमका कशावरून ठरतो हे एकदाही तपासलं नव्हतं.

आधी अविनाश साबळेची गोष्ट

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. त्याचा मुख्य प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची एशियन गेम्स हुकली. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

तो तिथे थांबला नाही. २०२० मध्ये दिल्ली हाफ मॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे सलग २१ किलोमीटर, प्रत्येक किलोमीटर साधारण २ मिनिटं ५२ सेकंदांत. भारतीय धावपटूसाठी तो नवा विक्रम होता. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला स्टीपलचेसची वेळ ८:०९.९१ वर आली. हिशोब करा: दुखापतीनंतरच्या त्या पहिल्या विक्रमापासून जवळपास २० सेकंद कमी, आणि त्याला लागली सहा वर्षं.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची जागतिक स्पर्धा गेली. अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. जिद्द कितीही असली तरी लिगामेंट आपल्या वेगानेच भरून येतं. त्या काळात जिद्द लागते ती पळायला नाही, थांबायला.

फोनला आणि घड्याळाला नक्की काय कळतं?

*नाडी:* घड्याळाच्या मागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल तर घड्याळ हलतं आणि कधीकधी नाडीऐवजी पावलांचा ताल मोजतं. हळू पळतानाही १७० ठोके दिसले तर घाबरण्याआधी पट्टा घट्ट करा.

*अंतर:* जागा ठरवायला जीपीएसला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. इंटरनेट लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली काही मीटरची चूक होते. वरंधा घाटात किंवा तोरण्याच्या पायथ्याशी डोंगर सिग्नल अडवतो, परावर्तित करतो आणि चूक वाढते. शाळेच्या मैदानावर गोल फिरतानाही अंतर चुकतं. भरतीच्या १६०० मीटरमध्ये ॲपने ५० मीटर जास्त मोजले, तर तुमची वेळ साधारण १० सेकंदांनी चांगली दिसते. खऱ्या चाचणीत ते १० सेकंद सापडत नाहीत. म्हणून मैदान एकदा टेपने मोजून घ्या.

*चढ:* काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. वर जाल तसा दाब कमी होतो, त्यावरून चढ काढला जातो. हा सेन्सर नसेल तर ॲप नकाशातल्या उंचीवर अवलंबून राहतं.

मग चूक होते कुठे?

‘रिकव्हरी’ किंवा ‘रेडीनेस’चा आकडा बहुतेक ॲप्स नाडी, झोप आणि मागच्या काही दिवसांचा व्यायाम यावरून काढतात. म्हणजे त्यांना कळतं ते मुख्यतः हृदयाबद्दल. हाड, लिगामेंट, स्नायूबंध यांच्यावर सेन्सरच नाही. आणि नेमकी गोम इथेच आहे: दम लवकर परत येतो, हाड आणि स्नायूबंध त्यामानाने सावकाश तयार होतात. मधल्या दिवसांत ॲप म्हणतं ‘पळा’ आणि पाय मोडतो.

आपल्याकडच्या घाटात हा फरक जास्तच. पाबे घाट चढताना धाप लागते, नाडी वाढते, ॲप म्हणतं ‘कठीण व्यायाम’. उतरताना नाडी कमी, म्हणून ॲप म्हणतं ‘सोपा’. पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडी, गुडघा आणि नडगी ब्रेक लावत असतात. पायाला मार बसतो तो उतरताना, आणि ॲपच्या हिशोबात तोच भाग सर्वात हलका.

पुन्हा सुरू करताना फोन असा वापरा

१. स्ट्रीकचं नोटिफिकेशन बंद करा. विश्रांतीचा दिवस म्हणजे हरलेला दिवस नाही.

२. नोट्समध्ये रोज तीन आकडे लिहा: पळताना दुखणं, संध्याकाळी दुखणं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं. शून्य ते दहा. आकडा वाढत असेल तर एक पायरी मागे या. हा सेन्सर फक्त तुमच्याकडे आहे.

३. किलोमीटर नको, टायमर लावा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट जमिनीवर एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, अशी सुरुवात.

४. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर, वेग किंवा चढ-उतार. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी पाच बदल टाकले आणि काही बिघडलं, तर कशामुळे ते सापडत नाही. पायाचंही तसंच. उतार सगळ्यात शेवटी.

५. वेल्ह्याच्या आतल्या गावांत रेंज जाते, मग लाइव्ह लोकेशन पोचत नाही. ऑफलाइन नकाशा आधी उतरवून घ्या आणि कुठे जाताय ते घरी सांगा.

हाडावर एका बोटाने दाबल्यावर दुखत असेल, रात्री झोपेत दुखत असेल किंवा सूज असेल, तर ॲप उघडू नका. डॉक्टरांकडे जा. भरती महिन्यावर आली असली तरी. दोन आठवडे थांबलात तर कदाचित ही भरती वाचेल. नाही थांबलात, तर पुढचीही जाऊ शकते.

माझे ते सहा आठवडे संपल्यावर पहिल्या दिवशी मी एकूण आठ मिनिटं पळालो. ॲपने विचारलं, ‘आज एवढंच?’ मी फोन खिशात टाकला आणि चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा शून्य होता.