माय-लेकींचें सहवाचन

वाचनमंडळासाठीं पुस्तकें निवडतांना ‘मुलींनीं काय वाचूं नये’ याचीच चर्चा बहुधा आधीं होते. परंतु मना केलेलें पुस्तक मुलगी वाचावयाची राहत नाहीं. तें ती एकटीच वाचते, आणि तिच्या शंका आईपर्यंत येत नाहींत. म्हणून प्रश्न निराळा असावा: कोणतें पुस्तक वाचल्यानें माय-लेकी एकमेकींशीं मोकळेपणानें बोलूं लागतील?

या कसोटीस उतरणारीं दोन पुस्तकें सुचवितों. पहिलें, रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०). १८७३ सालीं विवाह झाल्यावर न्यायमूर्तींनीं त्यांस शिकविलें. पण त्या शिक्षणास घरांत विरोध झाला तो वडीलधाऱ्या स्त्रियांचाच. हा भाग वाचतांना प्रत्येक आईनें स्वतःस तपासून पाहावें.

दुसरें, लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’. यांचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. यांत १८९५ सालच्या पतीच्या धर्मांतराची हकीकत असल्यामुळें कोणी कचरेल. परंतु त्या आघातांतूनही विनोदबुद्धि न सोडणारी गृहिणी मुलीस अन्यत्र क्वचितच भेटेल.

रोज एकच प्रकरण वाचावें. मुलीनें मोठ्यानें वाचावें, आईनें ऐकावें. उच्चाराच्या चुका काढण्यासाठीं मात्र मध्येंच थांबवूं नये. आजीसही जवळ बसवावें. जुन्या घरांतील गोष्टी निघाल्या कीं तीही बोलूं लागते. आणि आईनेंही कधीं न ऐकलेलें असें कांहीं त्या दिवशीं मुलीच्या कानीं पडतें.