एक गडी कमी आहे, भो!

जळगावच्या एम. जे. कॉलेजात प्रॅक्टिकल संपलं, उन्हं कलली की आमचा खो-खो सुरू. खांब नसतात, दोन टोकांना चपला ठेवायच्या. नियमाने ९ जण मैदानात: ८ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. पळणारा मात्र दोघांमधून सहज निसटतो. म्हणून पाठीवर थाप अन् ‘खो’ वेळेवर देण्यातच खरी हुशारी. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. आमच्याकडे सहा-सहा जणांतही भागतं. कडेला उभे राहून बघू नका, चपला काढा अन् या!